आज काय करायचं?

या सदरात मी आजवर मुलांच्या शिष्यवृत्तीवर लिहिले, पतपेढीच्या कर्जावर लिहिले, दारूपायी मोडलेल्या संसारांवर लिहिले. आज भाजी-भाकरीवर लिहिणार आहे. आमचे काही कार्यकर्ते बंधू हसतील. म्हणतील, समाजापुढे एवढे प्रश्न आ वासून उभे असताना या माणसाला शेंगोळे सुचतात! हसू द्या. त्यांतले बरेच जण आमच्या घरी जेवून गेलेले आहेत आणि ही गोष्ट त्या जेवणापासूनच सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारचा अभ्यासवर्ग होता. विषय माझ्याकडे होता. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, तिथे बाबासाहेबांनी भगिनींना काय सांगितले, हा तो विषय. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होऊ नये, असा त्या सांगण्याचा भाव. मी तासभर बोललो. टाळ्या पडल्या. रात्री साडेनऊला पाच कार्यकर्ते बरोबर घेऊन घरी आलो आणि दारातूनच आवाज दिला, "अगं, सहा ताटं वाढायची आहेत."

पत्नी एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. रविवारी तिला सुट्टी नसते. दिवसभर उभे राहून ती सहाला घरी आली होती, मुलांची जेवणे उरकून नुकतीच टेकली होती. तरी उठली. पिठले केले, भाकरी टाकल्या, कांदा फोडून दिला. बंधू जेवले, वहिनींच्या हाताला चव आहे म्हणाले, जयभीम घालून गेले. त्यानंतर ती भांड्यांकडे पाठ करून माझ्यासमोर बसली.

मला वाटले, आता रागावणार. ती रागावली नाही. म्हणाली, "स्वयंपाक करायचं मला काही नाही. मला आवडतो तो. पण रोज काय करायचं, हे मी एकटीनंच का ठरवायचं? सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच. कंपनीत हात चालतात तरी डोक्यात तेच. तुम्ही विचारता, आज काय केलंस? आज काय करायचं, हे कधी विचारलंय?"

मी बी.कॉम. झालेला कारकून. वीस वर्षे टिपणी लिहितो आहे. फाइलवर साहेब सही करतात आणि निर्णय त्यांचा होतो. पण कोणत्या नियमात बसते, पैसा कुठल्या शीर्षातून निघेल, मागे काय झाले होते, हे सगळे डोके टेबलावरच्या माणसाने चालवलेले असते. त्या डोके चालवण्याची नोंद कुठे होत नाही. ऑफिसात हे मला टोचते. घरात मी साहेब होऊन बसलो होतो, हे मात्र तोवर ध्यानात आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिला विचारले, तुझ्या डोक्यात असते तरी काय? ती सांगत गेली. डब्यात पीठ किती उरले. पालक आज नाही केला तर उद्या टाकावा लागेल. मायला बीपी आहे, मीठ बेताचे हवे. पोरगा वांगे खात नाही. पोरीच्या डब्याला रस्सा चालत नाही, सांडतो. नळाला पाणी कधी येणार? आपल्या गावात पाणी रोज येत नाही, मग पाणी संपत आले की भांडी कमी पडतील असेच काही करायचे. गॅस कधी लावला होता. महिन्याची कितवी तारीख आहे. एवढे सगळे जुळवून शेवटी निघते काय, तर वरण-भात. आणि आपण जेवताना म्हणतो, आज पुन्हा वरणच!

आपल्या लग्नात सिगालोवाद सुत्तातल्या कर्तव्यांवरून वर-वधूंना वचने देतात, ती बहुतेकांना ठाऊक आहेत. पतीच्या पाच कर्तव्यांत घरातला अधिकार पत्नीकडे सोपवणे हे एक आहे. मीही मान डोलावून ते मान्य केले होते. पण अधिकार सोपवला म्हणजे मी काय केले? डबे, चूल आणि काळजी तिच्याकडे दिली, आणि आवडीनिवडी माझ्याकडे ठेवल्या.

आपल्यातला पुरुष स्वयंपाकाला अगदीच कच्चा असतो असे नाही. कार्यक्रमाला पन्नास माणसांचे मटण करायचे म्हटले की बाह्या सरसावून चौघे पुढे येतात. आपल्यात पुरुषाला मटण करता येते, वरण करता येत नाही. कारण मटणाला लोक वाहवा म्हणतात आणि वरणाला कोणी काही म्हणत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली होती. दिवसभरात घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बाया शेकड्यात ८१ निघाल्या आणि पुरुष २६. जे करतात त्यांच्यातही बाईचा वेळ दिवसाला २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७. आणि आज काय करायचं याचा विचार करण्यात गेलेली मिनिटे या आकड्यात पुरती मोजली असतील असे मला वाटत नाही. ती कंपनीत, बसमध्ये, अंथरुणात जातात.

तर आम्ही ठरवले, की शनिवारी रात्री दोघांनी बसून आठवड्याचे ठरवायचे. मी कारकून पडलो, ऑफिसात जुनी कोरी लेजर वही पडली होती तशीच एक बाजारातून आणली आणि रकाने आखले. वार, पदार्थ, कोणी सुचवला, कोण करणार, अंदाजे खर्च, प्रत्यक्ष खर्च, शेरा. पत्नीने वही पाहिली आणि पोट धरून हसली. "शेऱ्यात काय लिहिणार? मीठ जास्त, सबब ज्ञापन द्यावे?" दोन आठवड्यांत रकाने तीनच उरले. वार, पदार्थ आणि कोणाच्या हातचा. सात दिवसांपैकी चार दिवसांचे आम्ही ठरवतो. तीन मोकळे ठेवतो, कारण पाहुणा येतो, पाणी येत नाही, किंवा कोणाला काही करूच वाटत नाही.

नियम म्हणावा असा एकच आहे. ज्याने पदार्थ सुचवला त्याने त्याचे सामान आणायचे. हा नियम पत्नीचा. त्यामुळे माझ्या फर्माइशी एकदम कमी झाल्या. भरली वांगी म्हणण्याआधी आता मला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातली गर्दी आठवते.

इथपर्यंत सगळे हसत-खेळत झाले. खरी अडचण पुढे आली. तीन-चार महिन्यांत आमचे पदार्थ संपले. तेच ते वहीत फिरून येऊ लागले. लग्नात ऑफिसच्या मित्रांनी कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ भेट दिले होते, ते कपाटावरून काढले. हे पुस्तक १९७० साली निघाले आणि महाराष्ट्रातल्या लाखो घरांत गेले. ओगलेबाईंनी प्रमाण वाटी-चमच्याने दिले, म्हणून नव्या मुलींना ते सोपे पडले. त्यांचा हा उपकार मोठा आहे आणि मी तो मानतो. त्यातून आम्ही बरेच काही केले. अळूची भाजी केली, साखरभात केला, एकदा सुरळीच्या वड्या केल्या त्या ताटाला चिकटून बसल्या आणि आम्ही त्या पिठल्यासारख्या खाल्ल्या.

पण एका शनिवारी पत्नी पाने उलटता उलटता म्हणाली, "यात माझ्या आईचं काहीच नाही." ती वाशीमकडची. मी म्हणालो, माझ्या मायचेही नाही. आमच्या घरातल्या स्वयंपाकाचे कोणी पुस्तक केले असेल, असे तोवर आमच्या मनातही आले नव्हते.

पुस्तक होते, आणि तेही मराठवाड्याचेच. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते, आणि ते इतरांच्या पाककृतीत का आले नाही, हे त्यांनी लिहिले आहे. २०२४ साली भूषण कोरगांवकरांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा त्याचा देशभर गाजावाजा झाला. त्याही आधी, २००९ साली, पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात प्रा. शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलित घरांतल्या खाण्याच्या आठवणी आणि कृती गोळा करून एक पुस्तिका इंग्रजीत काढली होती. पाटोळ्यांच्या पुस्तकात एक गोष्ट मला जागोजाग खटकली आणि मग उमगली. तेल, तूप, दूध यांचा बहुतेक कृतींत पत्ताच नाही. कारण घरात ते नव्हतेच. जे नाही त्याच्यावाचून चव कशी आणायची, ही त्या बायांची विद्या.

मी हे पुस्तक मायला वाचून दाखवू लागलो. माय आता सत्तरीला आली आहे. १९७२ च्या दुष्काळात ती सोळा वर्षांची होती, खडी फोडायला जात होती. कामावर मिळालेली सुकडी आणि तांबड्या मिलोची भाकरी तिला अजून आठवते. मी वाचत होतो आणि तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले रडते. ती हसत होती. "हे काय पुस्तकात लिव्हायचं असतंय का रे बाबा? आमी तर वास जाऊ नये म्हणून दार लावून शिजवायचो." दहा मिनिटांनी मात्र तिने मला थांबवले. "आसं नाही. आमच्या गावाला येसराला हे घालत न्हवते." झाले. लेजर वही पुढे ओढली आणि मायचे सांगणे लिहायला घेतले.

येसूर माहीत नसलेल्या तरुण भगिनींसाठी सांगतो. हे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ आहे. मटणाच्या नाहीतर नुसत्या आमटीच्या रश्शाला ते लावले की रस्सा दाट होतो. घरात माणसे दहा आणि मटण पावशेर, तेव्हा पातेलेभर रस्सा येसरावरच उभा राहायचा. माय सगळे मुठीने सांगायची. मी तिच्या मुठी वाटीत ओतून मोजल्या. तिच्या तीन मुठी म्हणजे आमची एक वाटी. बाजरी दोन वाट्या, गहू एक, हरभऱ्याची डाळ एक, धणे अर्धी, मग सुकी मिरची, सुके खोबरे आणि असेल तो खडा मसाला. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा, कारण बाजरी तडतडून होते तोवर डाळ कच्चीच असते. सगळे एकत्र टाकून भाजणाऱ्या सुनेला मायच्या सासूने काय म्हटले होते, ते इथे छापता येणार नाही. दळून बरणीत भरले की महिनोन्महिने टिकते. रश्शात टाकताना आधी गार पाण्यात कालवायचे. एकदम उकळत्या रश्शात टाकले तर गुठळ्या होतात. मी एकदा टाकले आहे.

येसूर झाला. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून झाली, वरून लसणाची फोडणी. पत्नीच्या आईची पातोडी झाली. आणि एका शनिवारी मी म्हणालो, या आठवड्यात चान्या करू. मटणाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या, त्या. माय करायची, लहानपणी खाल्ल्या होत्या.

पत्नीने पेन खाली ठेवले. "हे नाही लिहायचं."

आमच्या संसारातली ती एक मोठी चर्चा झाली. भांडणच म्हणा. तिचे म्हणणे असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे-उष्टे तुकडे सोडा. तिची आजी लहानपणी घरोघर येसकरीची भाकर मागायला आईच्या मागे जायची. मोठ्यांनी एक दिवस ती बंद केली, तेव्हा दोन दिवस चूल पेटली नाही. "आजी सांगायची, उपाशी राहिलो पण हात पसरला नाही. एवढं करून त्यांनी जे टाकलं ते तुम्ही हौसेनं पुन्हा ताटात आणणार? आणि उद्या पोरीच्या मैत्रिणी आल्या तर काय सांगणार?"

मी म्हणालो, बाबासाहेबांनी मुर्दाड सोडायला सांगितले, भीक सोडायला सांगितली. आपण दुकानातून रोख पैशाने बोकडाचे मटण आणून वाळवले तर त्यात कोणती गुलामी आली? कोकणातले लोक बोंबील वाळवतात, ते अभिमानाने वाळवतात. मुळात चान्या ज्या मांसाच्या व्हायच्या, ते आता मिळणेच बंद झाले आहे. गायीच्या कत्तलीवर बंदी आधीच होती, २०१५ साली राज्याने ती बैल आणि वळूंनाही लावली. म्हणजे आपल्या आज्यांच्या हातची कृती आपण लिहिली नाही तर ती कुठेच राहणार नाही.

ती म्हणाली, "राहिली नाही तर काय बिघडलं?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही पुरते नाही. जे भुकेपायी खाल्ले त्याचा सण करू नये, हे तिचे म्हणणे मला पटते. आणि जे खाल्ले ते लपवत राहिलो तर दार लावून शिजवणे आपण पुढच्या पिढीलाही शिकवू, हे माझे म्हणणे मला सोडवत नाही. आमची मुलगी नववीत आहे. सुकट डब्यात नको म्हणते. वर्गात कोणी नाक धरले होते. तिने काय लपवावे आणि काय लपवू नये, हे तिला सांगायला आधी आमचे एकमत हवे ना?

भांडण मिटवले मायने. ती पलीकडे लसूण सोलत सगळे ऐकत होती. म्हणाली, "मेलेलं सोडलं ते लई चांगलं केलं. म्या सवता सोडलंय. पर येसूर काय मेलेला व्हता का? हुलगे मेलेले व्हते का? ज्याचं त्येला ठिवा की येगळं."

मग त्या रात्री वहीत नवी रेघ ओढली. पुढून आमचा आठवडा, आणि वही उलटी धरून मागच्या पानापासून मायचे सांगणे. मागे सगळे लिहायचे, काही गाळायचे नाही, लाजायचे नाही. पुढे मात्र दोघांना पटेल तेच येईल. दोघांपैकी एकाने नाही म्हटले तर तो पदार्थ त्या आठवड्यात होणार नाही आणि कारण विचारून त्याला दमवायचे नाही. चान्या मागच्या पानावर आहेत, पुढे अजून आलेल्या नाहीत. पत्नीनेही माझ्यावर एकदा नकार सोसला आहे. तिला सोयाबीनच्या वड्यांची बिर्याणी करायची होती. आमच्या या शहरात नान-खलिया आणि तहरी मिळत असताना वड्यांची बिर्याणी कोणी का खावी, असे मला वाटते. हा माझा दोष समजा.

पुढच्या पानांवर सर्वांत जास्त वेळा आलेला पदार्थ कोणता म्हणाल, तर हुलग्याचे शेंगोळे. एकेकाळी गरिबाचे म्हणून नाक मुरडायचे, ते हुलगे. शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात त्यांत. दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे, लसूण-जिरे-मिरचीचे वाटण, हळद, मीठ. घट्ट मळायचे. मग हातावर वळून करंगळीएवढे शेंगोळे करायचे आणि फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडायचे. वीसेक मिनिटे शिजले की पाणी आपोआप दाटते. यात वळण्याचे काम फार. एकट्या बाईने करायचे तर तासभर जातो आणि कंबर धरते, म्हणूनच ते घराघरांतून मागे पडले असावे. दोघे समोरासमोर परात घेऊन बसले की अर्ध्या तासात होते. मी वळलेले जाड-बारीक होतात. मुले ताटात माझे आणि तिचे ओळखून वेगळे काढतात.

आता कार्यकर्ते बंधूंविषयी. ते अजून येतात, आले पाहिजेत. पण मी विहारातून निघताना फोन करून विचारतो, काय होईल? ती सांगते, पीठ आहे, येसूर आहे, कांदे तुम्ही आणा. आणि आल्यावर भाकरी ती टाकते, आमटी मी करतो. परवा एका बंधूंनी माझ्या हातात पळी पाहून विचारले, "वहिनी आजारी आहेत का?" ती आतून म्हणाली, "नाही, आज यांची पाळी आहे."

गेल्या शनिवारी वहीच्या मागच्या पानावर मी न लिहिलेले एक नाव दिसले. ‘रक्ती.’ अक्षर पत्नीचे होते. खाली कृती नाही, पान कोरे आहे. मी काही विचारले नाही. माय म्हणते, रविवारी दुपारी बसू, त्याला जरा सावकाश सांगावं लागंल.